बॅटरी जपून वापरा

इतिहास हा लढायांचा असतो, असे आम्हांला शाळेत शिकवले. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो आणि वीस-बावीस वर्षे लोकांची पासबुके भरून दिल्यावर माझे मत असे बनले, की लढाया हा वरवरचा मामला आहे. खरा इतिहास शिलकीचा असतो. कोणाजवळ किती उरले, ते कुठवर पुरले आणि न पुरल्यावर त्याने कोणापुढे हात पसरला, एवढे कळले की तहनामे आपोआप समजतात. १७६१ साली पानिपतावरसुद्धा आधी धान्य संपले आणि मग तलवारी चालल्या.

या दृष्टीने पाहिले तर गेल्या तीस वर्षांचा इतिहास फोनच्या वरच्या कोपऱ्यात लिहिला जातो. तिथे एक छोटी बॅटरी काढलेली असते आणि शेजारी टक्के. माणूस बँकेतली शिल्लक महिन्यातून एकदा बघतो (पंचवीस तारखेनंतर तीही बघत नाही), पण ही शिल्लक दर पाच मिनिटांनी बघतो. खात्यात सतराशे रुपये उरले असताना हॉटेलात शांतपणे मसाला डोसा खाणारा गृहस्थ बॅटरीत सतरा टक्के उरले की भिंती चाचपू लागतो. ही शिल्लक जपण्याची विद्या कशी जन्मली आणि तिने माणसाला काय काय करायला लावले, हे कोणीतरी नोंदवून ठेवायला हवे. शास्त्रज्ञ ते करणार नाहीत, त्यांना नवी बॅटरी शोधायची असते. तेव्हा हे काम कारकुनाचेच.

स्मार्टफोन हा शब्द घरोघरी पोचण्यापूर्वीच पहिला स्मार्टफोन जन्माला येऊन, संसार करून, वारलासुद्धा होता. त्याचे नाव सायमन. कुळाने आयबीएमचा, घडवला मित्सुबिशी इलेक्ट्रिकने आणि अमेरिकेत बेलसाउथ या टेलिफोन कंपनीने तो १६ ऑगस्ट १९९४ पासून विकायला काढला. दोन वर्षांच्या कराराने बांधून घेतलेत तर ८९९ डॉलर, मोकळे राहायचे असेल तर १०९९. वजन ५१० ग्रॅम. म्हणजे खिशात ठेवला तर खिसा राहत नसे आणि हातात धरला तर दुसऱ्या हाताला काही काम सुचत नसे.

पण गुण पाहाल तर थक्क व्हाल. पडद्याला बोट लावले की चालायचा. सोबत एक काडीही मिळे, पेन्सिलीसारखी. डायरी होती, पत्ते होते, जगभरातली घड्याळे होती, ई-मेल होते, अक्षरे जुळवायचा पाटीवरचा कीबोर्ड होता, चौकोन सरकवायचा एक खेळही होता. आणि मुख्य म्हणजे सायमन फॅक्स पाठवायचा. १९९४ मध्ये खिशातून फॅक्स! आमच्या शाखेत मी लागलो तेव्हा फॅक्सचे मशीन काचेच्या खोलीत असे आणि त्याला हात लावायचा अधिकार फक्त अकाउंटंटसाहेबांना होता. त्या मशीनवर शुक्रवारी हार घालत.

ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू एका ओळीत संपते, पण ती ओळच जबर आहे: बोलत राहिले तर बॅटरी सुमारे एक तास चाले. एका तासात काय होते? आमचे मॅनेजरसाहेब हेड ऑफिसशी बोलायला लागले की तासाभरात फक्त ‘येस सर’ होतात. मुद्दा त्यानंतर येतो. सायमन सुमारे पन्नास हजार खपला आणि सहा-सात महिन्यांतच, फेब्रुवारी १९९५ मध्ये, बाजारातून गेला. पुढे वीस वर्षांनी, २०१४ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याला मानाने काचेत बसवले. आपल्याकडे लेखकाचे जसे होते तसेच हे. हयातीत तासभर कोणी ऐकत नाही, मागाहून पुतळा.

तरी सायमनने प्रगतीच केली होती म्हणायची. त्याच्याही आधी, ३ एप्रिल १९७३ रोजी, मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या फोनवरून पहिला कॉल केला होता. तो कोणाला केला असेल? प्रतिस्पर्धी बेल लॅब्जमधल्या जोएल एंजेल यांना, की बघा, आम्ही आधी केले! म्हणजे मोबाइलचा पहिला उपयोगही शेजाऱ्याला खिजवण्यासाठीच झाला. त्या जातीचा फोन १९८३ मध्ये विक्रीला सिद्ध झाला तेव्हा त्याची किंमत होती ३९९५ डॉलर. दहा तास चार्ज केला की अर्धा तास बोलता येई. नवरात्रात नऊ दिवस उपास करून एका पुरणपोळीवर सोडावा, त्यातला प्रकार. कूपरसाहेबांनी पुढे गमतीने सांगितले आहे, की बॅटरी लवकर संपायची याची अडचण कधी वाटली नाही, कारण तेवढा जड फोन त्याहून जास्त वेळ कानाशी धरताच येत नसे. तोट्याचा ताळेबंद इतक्या प्रसन्नपणे वाचणारा माणूस मी आमच्या वार्षिक सभेतही पाहिलेला नाही.

आपल्या देशात मोबाइल आला ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन केला. त्या दिवसांत मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. साहजिकच बॅटरी जपायचा प्रश्न आपल्याकडे उद्भवलाच नाही. पैसे जपले की बॅटरी आपोआप जपली जाई. याच काळात आपण ‘मिस्ड कॉल’ नावाची लिपी सिद्ध केली. एक घंटी म्हणजे पोचलो, दोन म्हणजे निघालो, तीन म्हणजे दूध आणायला विसरू नकोस. २००३ मध्ये आलेल्या फोनचे पैसे बंद झाले आणि त्याच वर्षी नोकियाचा तो टॉर्चवाला ११०० नंबरचा फोन आला. पंचवीस कोटींहून अधिक खपला तो. आठवड्यात एकदोनदा चार्जिंगला लावला की पुरे. लोडशेडिंगमध्ये बॅटरी म्हणून वापरा, पडला तर उचला, फरशीला काही झाले नाही ना बघा. आमची पिढी बिघडली ती या फोनने. फोन म्हणजे असाच, मागणी न करणारा, ही आमची समजूत झाली. आणि मग घरात स्मार्टफोन आला.

येताना तो परदेशातून गुण उधळीतच आला. २९ जून २००७ रोजी अमेरिकेत पहिला आयफोन विकायला आला. रूप असे, की लोक दुकानाबाहेर रात्रीपासून रांगा लावून बसले. पण या नवऱ्या मुलाची चौकशी करणाऱ्या मामांनी विचारले असते तर कळले असते, की त्याला मजकूर एका जागचा उचलून दुसरीकडे चिकटवता येत नाही (ते दोन वर्षांनी, २००९ मध्ये, जमू लागले), कॅमेरा आहे पण व्हिडिओ घेता येत नाही, थ्री-जी नाही आणि बॅटरी काढता येत नाही. हे शेवटचे आम्हां भारतीयांना फार लागले. फोन रुसला की पाठीवरचे झाकण उघडायचे, बॅटरी काढायची, फुंकर मारायची, शर्टाला पुसायची आणि पुन्हा बसवायची, हा आमचा एकमेव इलाज होता. तोच हिरावला.

आपल्याकडे आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ रोजी, थ्री-जी या नावाचा, एकतीस हजार रुपयांना. तेव्हा भारतात थ्री-जी सेवाच नव्हती! एमटीएनएलने ती त्या वर्षीच्या डिसेंबरात दिल्लीत सुरू केली आणि खाजगी कंपन्यांचा लिलाव तर २०१० मध्ये झाला. वरात वाजतगाजत दारात आणि मांडवाचे बांबू अजून जंगलात.

अँड्रॉइडचा पहिला फोन त्याच सुमारास, ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेत निघाला. एचटीसीने केलेला, टी-मोबाइलने जी-वन नावाने विकलेला. पडदा बाजूला सारला की खालून खरोखरीच्या बटनांचा कीबोर्ड निघे. आणि तो काढावाच लागे, कारण सुरुवातीला पडद्यावर उमटणारा कीबोर्ड त्याच्यात नव्हताच. ‘हो’ एवढे लिहायचे तरी पेटीवाल्यासारखा भाता सरकवा. गाणी वाजवी, पण हेडफोनचे नेहमीचे गोल भोक नाही. फोटो काढी, पण फ्लॅश नाही आणि सुरुवातीला व्हिडिओही नाही. आणि हे सारे चालवायला बॅटरी ११५० एमएएचची. सकाळी पूर्ण भरून निघालेला माणूस संध्याकाळी घरी पोचेपर्यंत फोन हातात नुसता धरून आणी, झोपलेले मूल जत्रेतून खांद्यावर टाकून आणतात तसा.

मग सुरू झाला सल्ल्यांचा सुकाळ. पडद्याचा उजेड कमी करा. ब्लूटूथ बंद ठेवा. वाय-फाय बंद ठेवा. जीपीएस बंद ठेवा. थ्री-जी काढून टू-जीवर या. ई-मेल आपोआप आणू देऊ नका. हालती चित्रे नकोत. यातले एकही खोटे नाही. पडदा आणि रेडिओ हेच दोन मोठे खादाड. त्यांना आवरले की बॅटरी टिकतेच. पण सगळे यमनियम पाळल्यावर त्या महागड्या फोनात आणि आमच्या टॉर्चवाल्यात फरक एवढाच उरे, की याला टॉर्च नव्हता. हुशार मुलगा आणायचा, त्याला अभ्यास, खेळ, गाणे, सगळे बंद करायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, ‘आमचा बंड्या किती शांत आहे बघा!’

आपल्याकडच्या सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांत आणखी एक खास उणीव होती. मराठी मजकूर आला की पडद्यावर नुसते चौकोन दिसत. ज्ञानेश्वरांच्या भाषेची चौकोनी लादी झालेली पाहून आम्ही निमूटपणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहू लागलो. त्या लिपीत ‘कढी’ आणि ‘कधी’ यांचे रूप एकच. आमच्या हेडकॅशियरांच्या घरून निरोप आला, ‘आज कढी?’ त्यांनी ‘आज कधी?’ असे वाचून उत्तर पाठवले, ‘सात वाजता.’ घरी गेल्यावर सात वाजता कढी मिळाली. आणि तेव्हापासून सातलाच मिळते.

सल्ल्यांकडे परत वळतो, कारण माझा मुद्दा तिथेच आहे. बॅटरीच्या इतिहासाचा अभ्यास केल्यावर मला एक नियम सापडला. नोबेलसाठी मी तो पाठवणार नाही, पण तो पक्का आहे: माणसाला बॅटरीविषयीचा सल्ला नेहमी एक बॅटरी उशिरा मिळतो.

माझ्या आजोबांच्या काळी ट्रान्झिस्टरचे सेल असत. ते संपत आले की गच्चीवर उन्हात मांडायचे, कुरडयांच्या शेजारी. ऊब लागली की ते जरा जीव धरत आणि रात्रीच्या बातम्यांपुरते बोलत. आजोबांचा सल्ला त्या सेलांपुरता खरा होता. नंतर वडिलांच्या काळात स्कूटरची बॅटरी आली, शिशाची. ती रिकामी ठेवली की मरते. म्हणून सदा भरलेली ठेवा, डिस्टिल्ड वॉटर बघत राहा. तोही सल्ला खरा. मग निकेल-कॅडमियमची आली. तिचा शोध स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्येच लावला होता. सायमनच्या पोटात हीच होती. तिचा स्वभाव उलटा. अर्धवट वापरून पुनःपुन्हा भरत राहिले की तेवढ्याच कामाची तिला सवय होई आणि मग ती त्यापुढे जायला नाही म्हणे. याला ‘मेमरी इफेक्ट’ म्हणत. (आमच्याकडेही हा प्रकार आहे, ज्याला पंधरा वर्षे फक्त क्लिअरिंगला बसवले, तो आता रोकड मोजायला नाही म्हणतो.) तिच्यासाठी सल्ला निघाला, पूर्ण संपू द्या, मगच पूर्ण भरा, आणि नवी असेल तर पहिल्यांदा आठ-दहा तास लावून ठेवा.

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि सगळे शास्त्र पालटले. हिला पूर्ण उपाशी ठेवलेले चालत नाही आणि आकंठ जेवूनही ती सुखी नसते. पार रिकामी करणे, शंभर टक्के भरून तशीच तापत ठेवणे, दोन्ही तिला जाचते. वीस ते ऐंशीच्या दरम्यान ती आनंदात नांदते. मेमरी इफेक्टची तिला बाधा नाही, मधेच थोडी थोडी भरली तरी चालते. आणि उष्णता ही तर तिची वैरीण. पण २०१० मध्ये फोन घेताना दुकानदार काय सांगत होता? ‘साहेब, पहिल्या दिवशी आठ तास चार्जिंग, नंतर दर वेळी पूर्ण उतरू द्या, मगच लावा.’ फोन लिथियमचा, सल्ला निकेलचा! आणि आमच्या चाळीतल्या एका सद्गृहस्थांनी तर फोनची बॅटरी काढून आजोबांच्या पद्धतीने उन्हात ठेवली. ती गुबगुबीत होऊन परत आली. बॅटरीच्या बाबतीत हे बाळसे शुभ नसते.

या लिथियमच्या बॅटरीसाठी २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले: व्हिटिंगहॅम, योशिनो आणि जॉन गुडइनफ. गुडइनफ यांचे वय तेव्हा ९७ होते; इतक्या वयाचा नोबेल मानकरी त्याआधी झालेला नाही. या आडनावाचा मराठीत अर्थ होतो ‘पुरेसे चांगले’. ऐंशी टक्क्यांवर थांबा, शंभराचा हट्ट नको, हे ज्या बॅटरीला सांगावे लागते, तिच्या जनकाचे आडनावच हे असावे! आमच्याकडे निकालाच्या दिवशी ऐंशी टक्के घेऊन आलेल्या मुलाला हे आडनाव कोणी ऐकवत नाही.

बॅटरीच्या निमित्ताने माणसे जवळ आली, हेही लिहून ठेवले पाहिजे. पूर्वी अनोळखी माणसे काडेपेटी मागत, मग ‘जरा पेन देता का’ विचारत. २०१० नंतर ‘चार्जर आहे का’ विचारू लागली. त्यातही जाती होत्या. जाड पिनवाले आणि बारीक पिनवाले. लग्नाच्या मांडवात दोन्ही पक्षांचे सगळे जुळले तरी पिन जुळत नसे. आमच्या काउंटरखाली एकच सॉकेट होते, नोटा मोजायच्या मशीनचे. दुपारी तीननंतर मशीन विश्रांती घेई आणि त्या सॉकेटवर शिपायापासून मॅनेजरपर्यंत सर्वांचे नंबर लागत. ‘तुमचे किती?’ ‘बारा.’ ‘माझे सहाच आहेत हो!’ ‘मग लावा तुम्ही आधी.’ बढतीच्या यादीवरून एकमेकांशी न बोलणारी माणसे मी त्या सॉकेटपाशी उदार होताना पाहिली. आता युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकाच आकाराचे, सी-टाइप भोक सक्तीचे केले आहे. सोय झाली खरी. पण बारीक पिनवाला बारीक पिनवाल्याला शोधत फिरायचा, ती सलगी गेली.

आता तुम्ही म्हणाल, जुन्या गोष्टी उगाळून काय उपयोग? आज फोनमध्ये पाच हजार एमएएचच्या बॅटऱ्या आल्या. बरोबर. ११५० वरून ५०००, म्हणजे चौपटीच्याही वर. आणि फोन किती चालतो? एक दिवस! २००८ मध्येही दिवसच, आताही दिवसच. हे कोडे इंजिनिअरांना पडते; पगारदाराला पडत नाही. मी लागलो तेव्हाच्या पगारापेक्षा आज कितीतरी पट पगार घेतो आणि पंचवीस तारीख तेव्हा जशी दिसे तशीच आजही दिसते. बॅटरी वाढली तसा पडदा वाढला, आकार वाढला, आणि चोवीस तास मागे कोणी ना कोणी काही ना काही आणत-नेत बसलेले वाढले. उत्पन्न वाढले की खर्च त्याच्या कडेवर येऊन बसतो, हे बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे.

काही काटकसरी तर निव्वळ भ्रम होत्या. मागे उघडे राहिलेले ॲप पुनःपुन्हा मारायचे, त्यासाठी वेगळे खाटकाचे ॲप घ्यायचे, अशी एके काळी टूम होती. अँड्रॉइड आणि ॲपल, दोन्ही गोटांतल्या वरिष्ठांनी २०१६ मध्ये सांगून टाकले, की याने बॅटरी वाचत नाही. समोरची फाइल दर वेळी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवून यायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा आणायची, याने वीज वाचते की शिपाई दमतो? काळे चित्र पडद्यावर लावायचे, हाही असाच उपाय. नव्या ओलेड पडद्यात काळा ठिपका खरोखरच विझलेला असतो, तिथे तो लागू पडतो. जुन्या एलसीडी पडद्यामागे दिवा जळतच असे, तिथे काळे लावून फक्त तोंड काळे होई. उलट जे करायला हवे ते कोणी सांगत नसे. रेंज क्षीण असली की फोन टॉवरला जोरजोराने हाका मारतो. जुन्या जीएसएम फोनाची ही हाक दोन वॅटपर्यंत चढे. म्हणून पुणे-मुंबई गाडीत बोरघाटाचे बोगदे संपेपर्यंत फोन नुसता हाका मारून दमे. तिथे विमान-मोड लावून खिडकीबाहेर बघावे, हा सल्ला बॅटरीलाही हितकर आणि डोळ्यांनाही.

पण बॅटरी जपण्याच्या विद्येत सर्वांवर ताण केली ती आमच्या थोरल्या काकांनी. काका निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहायला सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात. २०११ साली मुलाने त्यांना पुण्याहून एक स्पर्शाचा फोन घेऊन दिला. काकांनी तो खोक्यासकट कपाटात, काकूच्या शालूशेजारी ठेवला. रोज संध्याकाळी सात वाजता बाहेर काढायचा, चालू करायचा, आठ वाजता बंद करून पुन्हा आत. ‘अरे, आमच्याकडे वीज कधी येते, कधी जाते. असलेली जपायला नको?’ हे त्यांचे म्हणणे. यात हसण्यासारखे काही नव्हते. भिंतीवर लोडशेडिंगचे वेळापत्रक पंचांगाशेजारी टांगलेल्या घरात माणूस असाच वागणार. ज्याने कंदिलाची काच राखेने पुसून मुलांना शिकवले, त्याला उजेडाची किंमत तुम्ही-आम्ही काय सांगणार? फक्त झाले असे, की सगळे नातेवाईक त्यांना सात ते आठमध्येच फोन करू लागले आणि त्यामुळे सात ते आठ काकांचा फोन सदा एंगेज लागे.

एकदा नागपूरच्या आत्याचे पित्ताशयाचे ऑपरेशन ठरले. ठरले संध्याकाळी आणि आत न्यायचे निघाले दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला. आत्या तशी धीराची, पण नेताना म्हणाली, ‘दादाशी एकदा बोलते रे.’ आम्ही फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. शेजारच्या मुलाचा लावला, तो शेतावर. पाच-सहा वेळा ती ध्वनिमुद्रित बाई शांतपणे तेच सांगत राहिली. आत्या जरा वेळ वाट बघून ‘राहू दे, झोपला असेल’ म्हणाली आणि आत गेली. त्या घटकेला काकांच्या कपाटात, शालूच्या घडीशेजारी, सत्त्याण्णव टक्के बॅटरी शिल्लक होती.

ऑपरेशन नीट झाले. महिन्याभराने काका नागपूरला भेटायला गेले तेव्हा आत्याने त्यांच्या हातातला फोन उलटसुलट करून पाहिला. नवाकोरा. पाठीवर एक ओरखडा नाही. म्हणाली, ‘छान ठेवलायस हो दादा. बॅटरीचं आयुष्य वाढवलंस. माझं मात्र त्या दिवशी तुला न विचारताच वाढवावं लागलं.’ काका काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गावी परतल्यावर त्यांचा फोन सकाळी सहाला चालू होऊ लागला आणि रात्री उशाशी येऊन पडला. वीज गेली की ते पिठाच्या गिरणीत जात, तिथे जनरेटर होता, आणि दळण होईपर्यंत फोन चार्जिंगला लावून बसत. गिरणीवाल्याला त्यांनी शिकवलेले होते. तो पैसे घेत नसे.

लिथियमच्या बॅटरीची गंमत अशी आहे, की वापरली तरी ती झिजते आणि कपाटात ठेवली तरी नुसत्या वयाने म्हातारी होते. पूर्ण भरून ठेवली तर अंमळ लवकरच. काकांची ती वर्षभराची बचत बॅटरीच्या खाती कुठेच जमा झालेली नव्हती.

आमच्या बँकिंगमध्ये याला समांतर तरतूद आहे. ज्या बचत खात्यात ग्राहकाने दोन वर्षे काहीच व्यवहार केला नाही, ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी विचारले नाही, तर त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. २०१४ पासून तो निधी आहे. वारसाला ते परत मागता येतात, त्यासाठी अर्ज आहे, फोटो आहेत, दोन साक्षीदार आहेत. मी स्वतः असे कितीतरी अर्ज भरून दिले आहेत. काउंटरपलीकडचा मुलगा रक्कम बघून थक्क होतो आणि म्हणतो, ‘बाबा तर कधी रिक्षासुद्धा करत नव्हते हो.’ मी शिक्का मारतो.

न झालेल्या फोनकॉलसाठी मात्र अजून फॉर्म निघालेला नाही. तेव्हा उजेड कमी करा, ब्लूटूथ बंद ठेवा, उन्हात ठेवू नका, ऐंशीला थांबा. आणि उरलेल्या सतरा टक्क्यांत ज्याला फोन करायचा राहिला आहे त्याला करून टाका. मधेच बंद पडला तर पडू दे. तेवढ्यासाठीच तर बॅटरी भरतात.